औंधचे राजे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी एकेका थोर माणसाचे चरित्र लिहायला सांगितले होते. शिवाजी महाराज आमच्या वर्गात चौघांनी घेतले, गांधीजी तिघांनी घेतले. मी औंधच्या राजांचे घेतले आहे. हे नाव तुम्हाला नवीन वाटेल. पण त्यांची एक गोष्ट तुम्ही सर्वांनी केली आहे. आपण मैदानावर सूर्यनमस्कार घालतो ना? सूर्यनमस्कार तसे जुनेच आहेत. पण शाळेतल्या सगळ्या मुलामुलींनी ते घालावेत, म्हणून ज्यांनी आयुष्यभर खटपट केली ते हे राजे. त्यांच्या राज्यात शाळेमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे होते. त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले आणि ते इंग्रजीतही निघाले. गोऱ्या लोकांनीसुद्धा ते वाचून नमस्कार घातले. राजे स्वतः म्हातारपणापर्यंत रोज नमस्कार घालत.

पण मी त्यांची गोष्ट लिहितोय ती नमस्कारांमुळे नाही. त्यांनी आपले राज्य लोकांना देऊन टाकले, त्यामुळे लिहितोय.

आधी राज्य म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचे कळणार नाही. आम्हाला बाईंनी शिकवले की राज्य करण्याचे बरेच प्रकार असतात. ते सगळे शिकायला लांब जायला नको. वसईत उभे राहिले तरी पुरते. आपला वसईचा किल्ला आहे ना, तिथे १५३४ सालापासून पोर्तुगीजांचे राज्य होते. राजा होता समुद्रापलीकडे पोर्तुगालात आणि हुकूम चालायचा आपल्यावर. त्याला परकी राजवट म्हणतात. १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला. आपल्या गिरीजच्या हिराडोंगरीवर तेव्हा मराठ्यांचा वज्रगड होता. मग पेशव्यांचा अंमल आला. छत्रपती साताऱ्याला, पेशवे पुण्याला. ही राजेशाही. राजेशाहीत राजाचा मुलगा राजा होतो, तो हुशार असो नाहीतर नसो. १८०२ साली दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, तोही इथेच, वसईला. मग हळूहळू इंग्रजांची कंपनी राज्य करू लागली. कंपनी म्हणजे दुकानच की! दुकानाने राज्य केले, हे मला फार विचित्र वाटते. नंतर कंपनीकडून इंग्लंडच्या राणीने राज्य घेतले. आणि १९४७ नंतर आपली लोकशाही आली. लोकशाहीत लोक मत देऊन माणसे निवडतात आणि ती माणसे कारभार करतात. आवडली नाहीत तर पाच वर्षांनी बदलतात.

आणखी एक प्रकार आहे, हुकूमशाही. त्यात एकच माणूस सगळ्यांचे हक्क काढून घेतो. त्याचे नाव पुढे येईल.

आता औंध. औंध हे गाव सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात आहे. तिथे डोंगरावर यमाई देवीचे मोठे देऊळ आहे. इंग्रजांच्या काळात भारतात साडेपाचशेहून जास्त संस्थाने होती. संस्थान म्हणजे छोटे राज्य. तिथे आपला राजा असायचा, पण राजाच्या डोक्यावर इंग्रज सरकार असायचे. औंध हे त्यातले एक छोटे संस्थान. त्यात फक्त ७२ गावे होती. बरं, तीही एका जागी नव्हती. थोडी औंधला, थोडी कुंडलला, थोडी आटपाडीला आणि थोडी लांब गुणदाळला. आटपाडी, कुंडल आता सांगली जिल्ह्यात आहेत आणि गुणदाळ कर्नाटकात आहे. नकाशात बघितले तर कोणाच्या हातातून चुरमुरे सांडल्यासारखे ते राज्य दिसते.

पंतप्रतिनिधी हे त्यांचे आडनाव नाही, ती पदवी आहे. छत्रपती राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात होते तेव्हा त्यांनी प्रतिनिधी हे मोठे पद तयार केले. प्रतिनिधी म्हणजे राजाच्या जागी काम बघणारा. पुढे हे पद परशुराम त्र्यंबक यांच्या घराण्यात आले. त्यांच्याच वंशात बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. त्यांचे खरे नाव भवानराव. वडिलांचे नाव श्रीनिवासराव. बाळासाहेब खूप शिकले, बी.ए. झाले. त्या काळी राजांची मुले शिकार आणि हत्तीघोडे यांतच रमायची, असे मी ऐकले आहे. बाळासाहेबांना चित्रे काढायची आवड होती आणि कीर्तनाची आवड होती. राजा असून ते उभे राहून कीर्तन करायचे! मला हे वाचून खूप मजा वाटली. राजा कीर्तन करतोय आणि प्रजा मांडी घालून ऐकतेय.

ते राजे झाले १९०९ साली. त्यांच्या आधीच्या राजांना इंग्रजांनी गादीवरून काढून टाकले होते. म्हणजे बघा, नावाला राजा, पण त्याला काढणारा दुसराच. बाळासाहेब तेव्हा ४१ वर्षांचे होते.

राजे झाल्यावर लगेच पुढच्या वर्षी एक गोष्ट घडली. लक्ष्मणराव किर्लोस्कर नावाचे एक हुशार गृहस्थ बेळगावला कारखाना चालवत होते. ते लोखंडी नांगर बनवायचे. त्यांना बेळगावची जागा सोडावी लागली. कुठे जावे कळेना. तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडलजवळ जागा दिली. ते नुसते माळरान होते, निवडुंग आणि साप यांनी भरलेले. १९१० साली तिथे कारखाना सुरू झाला आणि गाव वसले. त्याचे नाव किर्लोस्करवाडी. आमच्या वाडीत केळीला पाणी द्यायचा पंप आहे, त्याच्यावर किर्लोस्कर लिहिलेले आहे. मी हे वाचल्यावर पहिल्यांदा जाऊन तो पंप नीट बघितला.

त्यांनी विद्वान लोकांनाही मदत केली. वेदांचे मोठे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधला येऊन राहिले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची सगळी जुनी हस्तलिखिते जमवून शुद्ध पोथी छापायचे ठरवले, तेव्हा बाळासाहेबांनी एक लाख रुपये द्यायचे कबूल केले. त्या काळचे एक लाख, बरं का! अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रे पुसट होत चालली म्हणून चित्रकार नेऊन त्यांच्या नकला करवल्या. स्वतः रामायणाची चित्रे काढली. आणि १९३८ साली यमाईच्या डोंगरावर श्री भवानी वस्तुसंग्रहालय उभे केले. आपली चित्रे आणि मूर्ती त्यांनी राजवाड्यात कुलपात ठेवल्या नाहीत. लोकांना बघता याव्यात म्हणून डोंगरावर ठेवल्या.

आता मुख्य गोष्ट.

बाळासाहेबांचा मुलगा अप्पासाहेब. तो इंग्लंडला शिकून आला होता. त्याचा एक मित्र होता मॉरिस फ्रीडमन. हा पोलंड देशातला इंजिनियर. तो बंगळूरला कारखान्यात नोकरीला होता. पुढे तो खादी घालू लागला आणि त्याला लोक भारतानंद म्हणू लागले. या दोघांच्या आणि बाळासाहेबांच्या बोलण्यात एक विचार आला की राज्य राजाने का करावे, लोकांनीच करावे. दुसरा राजा असता तर रागावला असता. बाळासाहेब रागावले नाहीत. त्यांना विचार पटला. अप्पासाहेब आणि फ्रीडमन मग सेवाग्रामला गांधीजींकडे गेले. गांधीजींनी सगळे नीट विचारून घेतले आणि कायदा कसा असावा ते समजावून दिले. त्यांनी अट घातली की राजाच्या घरच्यांनी साधे राहायचे आणि अप्पासाहेबांनी खेड्यापाड्यांत जाऊन लोकांमध्ये काम करायचे. राजवाड्यात बसून लोकशाही आणता येणार नाही, असे त्यांचे मत होते.

राजांनी १९३८ साली सत्तर वर्षांचे झाल्यावर हे जाहीर केले आणि जानेवारी १९३९ मध्ये कायदा झाला. तो कायदा असा होता. प्रत्येक गावातल्या लोकांनी पाच जणांची पंचायत निवडायची. गावचा कारभार त्या पाच जणांनी बघायचा. मग त्या पंचायतींनी निवडलेल्या माणसांची तालुक्याची सभा. आणि तालुक्यांतून माणसे जाऊन सगळ्या औंधची विधानसभा. मंत्री त्या विधानसभेला उत्तर देणार. राजा तिथे राहणार, पण मन मानेल तसा हुकूम काढणार नाही. खजिन्यातून वाटेल तेवढे पैसे घेणार नाही, ठरलेले तेवढेच घेणार. राजा म्हणजे प्रजेचा पहिला नोकर.

मी गुणाकार केला. ७२ गावे आणि प्रत्येक गावात पाच जण धरले तर ७२ × ५ = ३६०. म्हणजे एका माणसाचे राज्य ३६० माणसांत वाटले गेले.

आमच्या घरी मी हे मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा आजोबा म्हणाले की त्यात काय एवढे, इंग्रज जाणारच होते, राज्य जाणारच होते, म्हाताऱ्या राजाने आधीच देऊन टाकले. मला वाईट वाटले. मग मी विचार केला. १९३८ साली इंग्रज जाणार हे कोणाला माहीत होते? चले जाव चळवळ सुद्धा १९४२ साली झाली. आणि इंग्रज जाणारच होते तर बाकीच्या साडेपाचशे राजांनी असे का नाही केले? बहुतेक राजे शेवटपर्यंत गादीवर बसून राहिले आणि सरदार पटेलांना एकेकाची समजूत घालावी लागली. मी आजोबांना हे सांगितले. आजोबांनी पान लावायला घेतले आणि मान हलवली. म्हणजे पटले असावे.

आणि बघा, ते साल कोणते होते? १९३९. त्याच साली १ सप्टेंबरला जर्मनीच्या हिटलरने पोलंडवर हल्ला केला आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. हिटलर हा हुकूमशहा, मी वर म्हणालो तो. फ्रीडमनचा देश पोलंड. त्याच्या देशात एक माणूस सगळे हिसकावून घेत होता आणि औंधला एक माणूस सगळे देऊन टाकत होता. पोर्तुगालमध्येही तेव्हा सालाझार नावाचा हुकूमशहा होता. गोवा त्याच्याच ताब्यात होता आणि १९६१ सालापर्यंत सुटला नाही.

मला एक शंका होती. खेड्यातल्या पुष्कळ लोकांना तेव्हा लिहायला वाचायला येत नव्हते. ते राज्य कसे करणार? मी ही शंका बाईंना विचारली. बाईंनी उलट मलाच विचारले की वाडीतल्या विहिरीला पाणी किती आहे हे कोणाला जास्त ठाऊक, शिकलेल्या साहेबाला की आजीला? मी म्हणालो, आजीला. आमची आजी दुसरीपर्यंत शिकली आहे, पण पाऊस कधी येणार ते ती वारा बघून सांगते. औंधलाही तसेच झाले असणार. न्यायाची तर सोपी पद्धत केली. आधी भांडण झाले की शेतकऱ्याने भाकरी बांधून लांब कोर्टात जायचे, वकिलाला पैसे द्यायचे, तारखा घ्यायच्या. आता न्यायाधीशच गावात येऊ लागले आणि पंचांबरोबर बसून निवाडा करू लागले. गावात सगळ्यांना सगळे माहीत असते. बांध कोणी कोरला, बैल कोणाचा, हे पारावर खोटे बोलायची सोयच नसते.

आमच्या शाळेत बालमंत्रिमंडळाची निवडणूक होते. चिठ्ठ्या टाकून मते देतात. एका वर्षी एक मुलगा गोळ्या वाटून निवडून आला आणि मग त्याने पाण्याच्या टाकीकडे ढुंकून पाहिले नाही. म्हणजे लोकशाहीत चुकीचा माणूसही निवडून येऊ शकतो. पण पुढच्या वर्षी त्याला कोणीच मत दिले नाही. राजा चुकीचा निघाला तर काय करणार? तो मरेपर्यंत थांबायचे. म्हणून मला वाटते की बाळासाहेब चांगले राजे होते, तरी त्यांना हे कळले होते की त्यांच्यानंतरचा राजा चांगलाच असेल याची खात्री नाही.

औंधमध्ये आणखी एक नवलाची गोष्ट झाली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत १९३९ साली सुरू केली. या तुरुंगाला भिंतच नव्हती! मोठे गुन्हे केलेले कैदी तिथे शेती करत. बायकामुलांना बरोबर ठेवत. फ्रीडमनची ही कल्पना. कैदी पळून जातील असे सगळ्यांना वाटले, पण विश्वास ठेवून ती वसाहत चालवली. जवळच्या माडगूळ गावचे ग. दि. माडगूळकर हे मोठे कवी औंधच्याच शाळेत शिकले होते. त्यांनी पुढे या वसाहतीवरून एक कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली त्यावर दो आँखें बारह हाथ हा सिनेमा काढला. आमच्या पप्पांनी तो बघितलेला आहे. त्यात कैद्यांचा साहेब फार चांगला आहे, असे ते म्हणतात.

१९४२ नंतर सातारा जिल्ह्यात आणखी एका प्रकारचे सरकार झाले. त्याचे नाव प्रतिसरकार. क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी इंग्रजांचे सरकार मानायचे सोडून दिले आणि स्वतःच गावोगाव न्याय करायला सुरुवात केली. त्यांचे एक मोठे ठाणे होते कुंडल. आणि कुंडल कोणाच्या राज्यात? औंधच्या! इंग्रज पोलिसांना संस्थानाच्या हद्दीत सहज घुसता येत नसे. त्यामुळे क्रांतिकारकांना तिथे लपायला मिळे. म्हणजे वर इंग्रजांचे सरकार, मध्ये राजा, खाली गावची पंचायत आणि रात्री प्रतिसरकार. एकाच गावात चार सरकारे! परीक्षेत असा प्रश्न आला तर काय लिहावे कोण जाणे.

भारत स्वतंत्र झाल्यावर ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान भारतात विलीन झाले, आजूबाजूच्या संस्थानांबरोबरच. अप्पासाहेब १९४४ पासून औंधचे मुख्य प्रधान होते. त्यांना पंडित नेहरूंनी आफ्रिकेत नैरोबीला भारताचे कमिशनर म्हणून पाठवले. इकडे औंधची पंचायतीची ती पद्धत मात्र विलीन झाल्यावर तशी राहिली नाही. याचे मला वाईट वाटते. नऊ वर्षे लोकांनी जे शिकले होते ते बाजूला पडले आणि महाराष्ट्रात जिल्हा परिषदा यायला १ मे १९६२ उजाडावा लागला. आता खाली ग्रामपंचायत, मध्ये पंचायत समिती, वर जिल्हा परिषद अशी तीन पायऱ्यांची शिडी आहे. औंधची शिडीही तीनच पायऱ्यांची होती, गाव, तालुका आणि राज्य.

आपली शाळासुद्धा जिल्हा परिषदेची. आधी आपण ठाणे जिल्ह्यात होतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, तेव्हापासून आपली जिल्हा परिषद पालघरची. पण गंमत अशी की शाळा जिल्हा परिषदेची आणि गाव महानगरपालिकेत. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली तेव्हा आपल्या भागातल्या गावांनी मोठे आंदोलन केले होते. आमची गावे त्यात घालू नका, आम्हाला आमची ग्रामपंचायत हवी, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्याकडे पाहुणे जमले की यावरून अजून मोठमोठ्याने बोलणे होते. एक काका म्हणतात शहर झाले की नळ येतो, रस्ता येतो. दुसरे म्हणतात वाड्या जातील, विहिरी जातील आणि आपल्याला विचारणार कोण? मला दोघांचेही थोडे थोडे पटते. पण बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्या ओटीवर बसलेले असते तर त्यांनी आधी काय विचारले असते, ते मला माहीत आहे. गावाला विचारलेत का, असे विचारले असते.

राज्य दिल्यावर बाळासाहेब उदास होऊन बसले नाहीत. नमस्कार, चित्रे आणि कीर्तन चालूच होते. १३ एप्रिल १९५१ रोजी ते वारले. तेव्हा त्यांचे वय ८२ होते. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात आपल्या देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक सुरू झाली. ती त्यांना बघायला मिळाली नाही. सगळ्या देशातले कोट्यवधी लोक तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच मत द्यायला रांगेत उभे राहिले, बावरलेले. औंधच्या खेड्यांतली म्हातारी माणसे मात्र बावरली नसतील. त्यांनी बारा वर्षांपूर्वीच आपली पंचायत निवडलेली होती.

इयत्ता चौथी, गिरीज